क्रॅमसी म्हणजे नेमका कुठला लाल?

चरखेवाली (धागाकर्ती)

जुन्या स्कॉट्स भाषेत कापडाच्या एका लाल रंगाला 'क्रॅमसी' म्हणायचे. तेव्हा स्पेलिंगचा सगळा आनंदच, त्यामुळे क्रॅमसी, क्रॅमेसी, क्रॅमॉसी असं काहीही सापडतं. शब्द ओळखीचाच निघतो. अरबी-फारसीतला किरमिज, तिथून इटालियन आणि फ्रेंच, आणि फ्रान्सशी जुनं सख्य असलेल्या स्कॉटलंडात क्रॅमसी. म्हणजे आपल्या किरमिजीचा चुलतभाऊ. इथवर सोपं आहे.

घोळ पुढे आहे. मी स्कॉटलंडात राहते, इथल्या सूतकताईच्या गटात जाते. गटानं ठरवलं की या हिवाळ्यात लोकर क्रॅमसी रंगवायची, आणि लगेच दोन तट पडले. एक तट म्हणतो गडद डाळिंबी, दुसरा म्हणतो गुलाबीकडे झुकलेला लाल. दोघांकडे कोश आहेत, दोघांकडे संग्रहालयातले फोटो आहेत. आणि फोटोंचं काय सांगावं, पाचशे वर्षांचं रेशीम उडून विटून गेलेलं असतं.

माझं मत असं की क्रॅमसी हे छटेपेक्षा प्रतीचं नाव होतं. आपण 'जरीचं' म्हणतो तेव्हा पिवळा रंग सांगत नसतो, तसं. राजा चौथा जेम्स (राज्यकाळ १४८८ ते १५१३) याच्या खजिनदाराच्या हिशेबवह्या छापील मिळतात. त्यात क्रॅमसी मखमल, क्रॅमसी सॅटिन अशा नोंदी येतात, किती एल घेतलं आणि किती पडले. स्कॉटिश एल म्हणजे ३७ इंच. हा माल स्कॉटलंडात विणला जात नव्हता. इटलीतल्या मागांवरून निघायचा आणि फ्लँडर्सच्या (आजच्या बेल्जियमकडच्या) बाजारातून जहाजानं यायचा. हिशेबनिसाला रंगाच्या सौंदर्याशी घेणंदेणं नव्हतं, भाव कशामुळे चढला एवढं त्याला लिहायचं होतं. तो चढायचा किड्यांमुळे.

हे किडे म्हणजे केर्मीस. भूमध्य समुद्राकाठच्या काटेरी ओकच्या झुडपांवर बसणारी खवलेकीड. मादी फांदीला चिकटून फुगते, वाटाण्यासारखी गोल होते, अंडी फुटायच्या आत तिला खरवडून काढायचं, व्हिनेगर मारून वाळवायचं. वाळल्यावर ती इतकी दाण्यासारखी दिसते की युरोपात कित्येक शतकं लोक तिला 'दाणा'च म्हणत राहिले. मजा म्हणजे इटलीच्या रेशमी शहरांत केर्मीसच्या रंगाला 'ग्राना' म्हणजे दाणा म्हणत, आणि किरमिजीचं जे इटालियन नाव आहे ते त्याहून महागाच्या, आर्मेनिया आणि पोलंडकडून येणाऱ्या दुसऱ्याच किड्यांच्या रंगाला लावत. नाव केर्मीसचं आणि मान भलत्याच किड्याला! व्हेनिससारख्या शहरांत तर कुठला लाल वापरलाय हे काठातल्या धाग्यांवरून ओळखू यावं असा नियमच होता, कारण नुसत्या डोळ्यांनी गिऱ्हाईक फसायचं.

म्हणून गटाला मी म्हटलं, छटेवरून भांडू नका, आधी किडा ठरवा. त्यांना ते पटलेलं नाही. इथल्या जाणकारांना काय वाटतं?

टवाळ

फोटो नाही तर धागा नाही.

सोनोपंत

उत्तम माहिती. फक्त एक राहिलं. किरमिजचं मूळ संस्कृत 'कृमिज' आहे, कृमीपासून जन्मलेला. म्हणजे स्कॉटलंडचा राजा आपल्याच शब्दाचे कपडे घालून फिरत होता. हे ठळक अक्षरांत यायला हवं होतं.

खडूस

सोनोपंत, दमानं. फारसीत 'किर्म' म्हणजे किडा आणि संस्कृतात 'कृमि'. या दोघी सख्ख्या बहिणी. बहिणीला आई करू नका. कृमिज थेट तिकडे गेला असंही मानणारे आहेत, नाही असं नाही, पण ठळक अक्षरं जरा आवरा.

सोनोपंत

मावशी तरी म्हणा.

रंगारीण

वाचनखूण साठवली. मी नैसर्गिक रंगांचंच काम करते, गोंदियाकडून लाख आणते, त्यामुळे थोडं हाताच्या अनुभवानं लिहिते.

चरखेवाली, किडा ठरवा हे अर्धं बरोबर आहे. आधी तुरटी ठरवा. केर्मीस, मेक्सिकोचा कोचिनील, आपली लाख, तिन्ही खवलेकिडीच, आणि तिघींचे रंग रसायनाच्या दृष्टीनं एकाच घराण्यातले. पण नुसता रंग लोकरीला किंवा रेशमाला नीट धरत नाही. मध्ये धातूचा क्षार लागतो, आणि छटा तो ठरवतो. तुरटी लावली की निळसर झाक असलेला, गुलाबीकडे झुकणारा लाल. कथिलाचा क्षार लावला की भडक, नारिंगीकडे जाणारा. लोखंडाची कढई वापरली की संपलं, जांभळट काळपट.

आता तारखा बघा. कथिलाची युक्ती युरोपात सतराव्या शतकातली, कॉर्नेलिस ड्रेबेल या डच माणसाच्या नावावर सांगतात. म्हणजे १५०० च्या आसपासचा तुमचा क्रॅमसी तुरटीवरचाच असणार. त्यामुळे गुलाबीकडे झुकलेला म्हणणारा तट माझ्या मते जास्त बरोबर आहे. फक्त बेबी पिंक डोळ्यांसमोर आणू नका. जाड रेशमी मखमलीवर तो रंग भरपूर चढवला की सावलीच्या घडीत डाळिंबी दिसतो आणि उजेडाच्या कडेला गुलाबी. दोन्ही तट एकाच कापडाच्या दोन बाजूंना उभे आहेत बहुतेक.

लाखेवर करून बघायचं असेल तर: काडीवरची कच्ची लाख खरवडून भरड कुटायची आणि कोमट पाण्यात भिजत घालायची. कोमटच. पाणी कडक झालं की राळ मऊ होऊन भांड्याला अशी चिकटते की भांडं फेकावं लागतं. रात्रभरात पाणी गडद लाल होतं. फडक्यातून दोनदा गाळा, चिंचेचा थोडा कोळ घाला, त्यानं रंग तांबूस राहतो. लोकर आधी तुरटीच्या पाण्यात उकळून घेतलेली हवी, तुरटी लोकरीच्या वजनाच्या दहा-पंधरा टक्के. मग भिजलेली लोकर रंगात सोडून आच अगदी हळू वाढवायची. घाई केली की डाग पडतात आणि ते डाग जन्मात जात नाहीत.

चरखेवाली

रंगारीण ताई, हे सोनं आहे. तारखांवरून आणखी एक निघतं. स्पेनच्या कोर्तेसनं मेक्सिको जिंकलं १५२१ मध्ये, कोचिनील युरोपात आला तो त्यानंतर. चौथा जेम्स १५१३ मध्ये फ्लॉडनच्या लढाईत मेला. म्हणजे त्याच्या वह्यांतल्या क्रॅमसीत मेक्सिकोचा किडा असणं शक्यच नाही. त्याच्या नातीच्या, म्हणजे राणी मेरीच्या काळापर्यंत मात्र नव्या किड्यानं बाजार काबीज करत आणला होता. रंग कितीतरी जास्त निघायचा त्यातून. तरीही वाळलेल्या कोचिनीलच्या एका पौंडाला सुमारे ७०,००० किडे लागतात असं सांगतात. शब्द तोच राहिला, आतला किडा बदलला.

हिशेबनीस

भाव कळला, पण गरिबांनी लाल घालायचाच नाही असं होतं का तिकडे?

चरखेवाली

नाही, आणि हीच मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. १४५८ मध्ये स्कॉटिश संसदेनं कपड्यांवर कायदा केला. शेतकरी-मजुरांनी कामाच्या दिवशी राखाडी किंवा पांढरं घालायचं, आणि सणासुदीला फिका निळा, हिरवा किंवा लाल. म्हणजे लाल चालत होता! पण शहरातल्या व्यापाऱ्याला रेशमी आणि महागडं 'स्कार्लेट' कापड घालायचं असेल तर तो नगराचा अधिकारी किंवा कौन्सिलातला प्रतिष्ठित माणूस असायला हवा. लाल रंगाला बंदी नव्हती, कुठल्या लालाला हात लावायचा यावर होती. कुळवाड्याचा लाल मुळांपासून यायचा, राजाचा किड्यांपासून.

मुळं म्हणजे आयात केलेली मंजिष्ठेची युरोपी बहीण, नाहीतर स्थानिक 'लेडीज बेडस्ट्रॉ'. ही पिवळ्या फुलांची नाजूक वनस्पती समुद्रकाठच्या वाळूत उगवते. तिची मुळं दोऱ्याइतकी बारीक, लोकर रंगवायला ढीगभर उपटावी लागतात. हेब्रिडीज बेटांवर काही ठिकाणी ती उपटायला मनाई केली होती, कारण वाळू धरून ठेवणारी मुळंच निघाली की वाऱ्यानं जमीन उडायची.

वनस्पतीवेडा

अवांतर, पण राहवत नाही. आपली मंजिष्ठा, युरोपची मंजिष्ठा, ती बेडस्ट्रॉ आणि आपली आल (बारतोंडी), चौघी एकाच रुबिएसी कुळातल्या. आणि चौघींचा लाल मुळांत. कॉफीही त्याच कुळातली, पण तिनं वेगळा धंदा निवडला.

माई

आल म्हटल्यावर लिहावंसं वाटलं. आमच्या लहानपणी वाड्यात एक सोवळ्या आजी होत्या. केशवपन झालेल्या, अंगावर कायम लाल आलवण. लाल म्हणजे सौभाग्याचा असं सगळे सांगतात, आणि विधवेलाही लालच नेसवायचे. पण तो लाल वेगळा असायचा, मातकट, तांबूस, बिनकाठाचा. नव्या नवरीच्या शालूशेजारी ठेवला तर कोणी त्याला लाल म्हणणार नाही. लाल कुणाला आणि कुठला लाल कुणाला, हा हिशेब आपल्याकडेही पक्का होता. संसदेला कायदा करायची गरज पडली नाही इतकंच.

खडूस

माई, +१. यावर वेगळा धागा काढा.

टवाळ

मी सोडून सगळ्यांनी अभ्यास केलाय. बरं, त्या राणी मेरीचं काय? मी मालिकेत पाहिलं होतं की फाशीच्या वेळी तिनं लाल घातला होता.

चरखेवाली

फाशी नाही, शिरच्छेद. ८ फेब्रुवारी १५८७, फॉदरिंगेचा किल्ला. वरचे काळे कपडे उतरवले तेव्हा आतला पोशाख लाल निघाला, आणि कॅथलिकांमध्ये लाल हा हौतात्म्याचा रंग, त्यामुळे सगळ्यांना अर्थ कळला. पण तो लाल कुठला? प्रत्यक्ष पाहिलेल्यांच्या वर्णनांतच शब्द वेगवेगळे आहेत, कोणी किरमिजी म्हणतो, कोणी तपकिरीकडे झुकणारा. एकाच दालनात उभे राहून, एकच कापड बघून. त्यामुळे आमच्या गटानं फोटोंवरून भांडणं किती खरं, ते तुम्हीच बघा.

फड्यानिवडुंग

माझं सदस्यनाम सार्थकी लागण्याचा योग आला आहे म्हणून लिहितो.

कोचिनीलचा किडा निवडुंगावर वाढतो आणि त्यावर स्पेननं मक्तेदारी ठेवली होती. ईस्ट इंडिया कंपनीला तो हवाच होता. मद्रासमध्ये जेम्स अँडरसन नावाचा डॉक्टर होता, स्कॉटिशच, त्यानं १७८० च्या दशकात या किड्याचा ध्यास घेतला आणि निवडुंगाची बागच लावली. पुढे १७९५ मध्ये कॅप्टन नीलसन रिओ दि जानेरोहून किडे घेऊन बंगालात उतरला. पण तो निघाला रानटी जातीचा किडा, रंग कमी आणि भूक जास्त. रंगाचा धंदा फसला. किड्यानं मात्र आपल्याकडे बाहेरून येऊन माजलेल्या एका जातीच्या निवडुंगाचा फडशा पाडला. मग १९२६ मध्ये दुसऱ्या जातीचा किडा मुद्दाम आणून दुसऱ्या निवडुंगावर सोडला, तोही प्रयोग यशस्वी. किड्यानं तण मारण्याचे जे जुने नमुने अभ्यासात सांगतात त्यात हे येतं.

आजही दख्खनच्या माळावर फड्या निवडुंगाच्या पानावर पांढरा कापसासारखा पुंजका दिसला तर बोटानं चिरडून बघा. बोट रक्तासारखं लाल होतं. लिंबू पिळलं तर नारिंगी, सोड्याचं पाणी लावलं तर जांभळं. राजाचा रंग, फुकट. काटे सांभाळून.

रंगारीण

आणि लाखेच्या किड्यावर १७९१ मध्ये शास्त्रीय टिपण छापलं तेही स्कॉटिश डॉक्टरनंच, विल्यम रॉक्सबर्ग. त्यानं लाखेच्या किड्याला नाव काय दिलं माहितीये? केर्मीस लाक्का. घ्या, आला परत तोच किडा.

सोनोपंत

मग लाल रंगाचा स्कॉटलंडनं स्वतःचा असा काही शोध लावला की नाही? का सगळं बाहेरूनच?

चरखेवाली

लावला की. आणि वासासकट लावला.

१७५८ मध्ये कुथबर्ट गॉर्डन यानं दगडफुलासारख्या एका शेवाळी बुरशीपासून, म्हणजे लायकेनपासून, जांभळट लाल रंग काढण्याचं पेटंट घेतलं. 'कडबेअर' हे त्या रंगाचं नाव त्याच्या नावावरूनच पडलं. हायलँडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, बायका अशा लायकेनपासून शतकानुशतकं रंग काढतच होत्या, मडक्यात लायकेन घालून त्यावर शिळं मूत्र ओतून आठवडेच्या आठवडे मुरवत. अमोनिया हवा असतो, आणि त्या काळी तो तसाच मिळायचा. गॉर्डनचा एडिंबराजवळच्या लीथमधला कारखाना चालला नाही. मग १७७७ मध्ये जॉर्ज मॅकिंटॉशनं ग्लासगोत हा धंदा उचलला. गुपित फुटू नये म्हणून भोवती उंच भिंत, आणि कामाला गेलिक बोलणारे हायलँडर, म्हणजे बाहेर कोणाशी बोलायची सोयच नाही. शहरातून रोज पिंपंच्या पिंपं मूत्र गोळा व्हायचं. याच जॉर्जचा मुलगा चार्ल्स, ज्याच्या नावानं रेनकोट ओळखला जातो.

पण कडबेअर उन्हात उडतो. खरा पैसा होता सुती कापडावरच्या पक्क्या लालात, जो पूर्वेकडे जमायचा आणि युरोपला जमत नव्हता. जॉर्ज मॅकिंटॉश आणि डेव्हिड डेल यांनी १७८५ मध्ये फ्रान्समधल्या रूआँहून पापियाँ नावाच्या रंगाऱ्याला ग्लासगोला आणलं आणि 'टर्की रेड'चा कारखाना घातला. खवट ऑलिव्ह तेल, शेण, तुरटी, मंजिष्ठा, बैलाचं रक्त, एकामागून एक बुडवण्या, आठवडे लागायचे. पण निघालेला लाल धुऊन जात नसे, उन्हात उडत नसे. ग्लासगोच्या माँटीथ कंपनीनं तर रंगवलेल्या कापडाच्या घड्या शिशाच्या नक्षीदार पत्र्यांमध्ये दाबून, त्यातून क्लोरीनचं पाणी सोडून पांढरे ठिपके पाडले. लालावर पांढरे ठिपके, म्हणजे आपली बांधणी. त्यावरूनच बँडॅना रुमाल.

पुढे हा उद्योग लॉख लोमंड या सरोवरातून निघणाऱ्या लेव्हन नदीच्या खोऱ्यात गेला, पाणी मऊ म्हणून. तिथून मोर आणि कोयऱ्या छापलेलं लाल कापड मुंबई-कोलकात्याला गठ्ठ्यांनी यायचं, वर देवादिकांची रंगीत लेबलं चिकटवून. १८६८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेतलं अलिझारिन हे रंगद्रव्य प्रयोगशाळेत बनवलं आणि मंजिष्ठेची शेती काही वर्षांत बसली, लेव्हनचे कारखाने मात्र नव्या अलिझारिनवर चालू राहिले. १८९८ मध्ये तिथल्या मोठ्या कंपन्या एकत्र येऊन युनायटेड टर्की रेड झाली. त्यांची नमुन्यांची पुस्तकं एडिंबराच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहेत. मी काही पानं पाहिलीत. शंभर-सव्वाशे वर्षं बंद पुस्तकात राहिलेला तो लाल अजून डोळ्यांत भरतो. आणि तो क्रॅमसी नाही, हेही लगेच कळतं. टर्की रेड तांबड्या विटेकडे, सूर्याकडे जातो. क्रॅमसीत निळ्याचा थेंब असतो.

हिशेबनीस

म्हणजे शेवटी तुम्हीही छटेवरच आलात.

चरखेवाली

आले खरी. पण किड्याच्या रस्त्यानं आले.

कुसुंबी

उशिरा आले धाग्यावर. गुलाबी-लाल म्हणाल तर करडईला विसरू नका. महाराष्ट्रात तेलासाठी ढिगानं पिकते आणि फुलं मात्र बहुतेक वाया जातात. पाकळ्या आधी साध्या पाण्यात चोळून चोळून पिवळा रंग सगळा काढून टाकायचा, पाणी स्वच्छ होईपर्यंत. मग त्याच पाकळ्या खाराच्या पाण्यात मळायच्या, पाणी तपकिरी-लालसर होतं. त्यात सुती कापड टाकून वरून लिंबाचा रस घातला की बघता बघता कापड गुलाबी होऊ लागतं. तुरटीही लागत नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बुडवलं की कुसुंबी लाल. उन्हात मात्र टिकत नाही. गॅलरीत वाळत घालून विसरलात तर घडीच्या आत गुलाबी आणि बाहेर काहीच नाही.

खडूस

कुसुंब आणि कुसुम यांत गोंधळ नको. लाख धरते ते कुसुमाचं झाड वेगळं, मोठा वृक्ष. करडई वेगळी.

रंगारीण

बरोबर. लाख पळसावरही धरतात, बोरीवरही. कुसुमावरची चांगली मानतात.

चरखेवाली, तुमच्या गटाला सांगा, कथिलाचा क्षार घरच्या स्वयंपाकघरात नको, आणि त्याची गरजही नाही. पांढरी मेंढीची लोकर, तुरटी, कोचिनील. तिकडे कोचिनील सहज मिळतो, केर्मीस मिळणार नाही आणि मिळाला तर परवडणार नाही. पहिली लड काढली की पाणी ओतून देऊ नका. त्याच पाण्यात दुसरी लड, मग तिसरी. पहिली डाळिंबीवाल्यांना द्या, तिसरी गुलाबीवाल्यांना.

चरखेवाली

आणि दुसरी?

रंगारीण

दुसरी तुम्ही ठेवा. पाणी कुठलं आहे तुमच्याकडे, जड की मऊ? जड असेल तर चुन्यामुळे सगळ्याच लडी जांभळ्याकडे जातील, त्याप्रमाणे चिंच सांगते.

चरखेवाली

मऊ. लॉखचंच पाणी येतं नळाला. चिंच भारतीय दुकानात मिळते.

रंगारीण

मग चिंच अगदी बोटभर. फोटो टाका, नाहीतर टवाळ धागा बंद पाडेल.

टवाळ

पाडणारच.